प्राचीन यहुदी समाज आणि त्यांचा धर्मकायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर कुठे बोलून आलो की आधी चिठ्ठ्या येतात, मग आठवडाभर मेसेज येत राहतात. नव्वद टक्के प्रश्न तेच तेच असतात. म्हणून ते एकदाचे इथे लिहून ठेवले आहेत. नावं शक्यतो मराठी बायबलमध्ये येतात तशीच ठेवली आहेत. आणि हो, ‘रब्बी’ म्हणजे इथे धर्मशास्त्री. गहू-हरभऱ्याचा हंगाम नव्हे. हा विनोद दर व्याख्यानात कुणीतरी करतंच.

१. “प्राचीन यहुदी धर्म” म्हणजे नेमका कोणता काळ धरायचा?

या पानापुरता: बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासापासून बाबेली तालमूद तयार होईपर्यंतचा (मिश्ना, तालमूद म्हणजे काय, ते प्रश्न ३ मध्ये). इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि लोकांना धरून नेलं. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकलं, त्यानंतर काही जण परत आले आणि मंदिर पुन्हा उभं राहिलं. तेही इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळलं. मिश्ना साधारण इ.स. २०० च्या सुमाराची, बाबेली तालमूद सहाव्या शतकाच्या आसपासचा. म्हणजे हजारेक वर्षांचा पट्टा झाला. मोशे आणि दावीद यांच्या काळाबद्दल श्रद्धेने पुष्कळ बोलता येतं, पण तिथे समाजशास्त्राच्या हाताला फारसं काही लागत नाही, म्हणून मी त्यात पडत नाही.

२. ‘समाजशास्त्रीय दृष्टी’ म्हणजे वेगळं काय करता? श्रद्धा खोटी ठरवता का?

नाही. देव बोलला की नाही, हा माझा प्रश्नच नाही. एखादा नियम पाळायला लागलं की कोण कुणाच्या पंगतीला बसतं, कोण उठून जातं, कुणाची सोयरीक कुणाशी होते, कुणाचा खिसा हलका होतो, एवढंच मी बघतो. एमिल दुर्खीम हा समाजशास्त्राचा एक संस्थापक. तो स्वतः रब्बीच्या घरात वाढलेला. धर्मातून माणसं एकमेकांना बांधली कशी जातात, हे त्याने आयुष्यभर अभ्यासलं. घरातलं बघितलेलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

३. तोरा, मिश्ना, तालमूद, हलाखा: सगळं एकच ना?

एकाच्या अंगावर दुसरं वाढलेलं आहे. तोरा म्हणजे पहिली पाच पुस्तकं: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. मिश्ना म्हणजे रब्बींनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालवलेल्या नियमांचं आणि वादांचं संकलन. तालमूद म्हणजे त्या मिश्नेवरची चर्चा, तीही भरपूर आडवळणं घेत. हलाखा हे पुस्तक नव्हे. ‘चालणे’ या धातूवरून आलेला हा शब्द; आपण ‘चालरीत’ म्हणतो त्याच्या जवळचा.

मिश्नेत निकालाबरोबर हरलेली बाजूही नावासकट लिहून ठेवली आहे. अमुक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो. कायद्याच्या पुस्तकात अल्पमत जपून ठेवणारा समाज भांडणाकडे कसं बघत असेल, याचा यावरून थोडा अंदाज येतो.

४. ६१३ आज्ञा खरंच कुणी मोजल्या आहेत का?

आकडा तालमूदमध्ये रब्बी सिमलाईच्या तोंडी येतो: ३६५ निषेध, वर्षाच्या दिवसांइतके, आणि २४८ विधी, शरीराच्या अवयवांइतके. आकडा आधी आला आणि यादी जुळवणं मध्ययुगात झालं. याद्यांमध्ये अर्थातच एकमत नाही.

५. देवाच्या पुस्तकात बैलाने शिंग मारल्याचं कलम कशाला?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. निर्गमच्या २१ व्या अध्यायात खरंच आहे: बैलाने माणूस मारला तर बैलाला दगडांनी मारावं, धनी निर्दोष. पण बैल आधीपासून मारका आहे हे ठाऊक असून, धन्याला बजावलेलं असूनही त्याने तो बांधला नाही, तर धनीही दोषी. पुढे रब्बींनी बैलांचे दोन वर्गच पाडले. साधा बैल आणि तीनदा शिंग मारून नाव काढलेला मारका बैल. साध्या बैलाने केलेल्या नुकसानीची भरपाई निम्मी, मारक्याची पूर्ण.

हे देवाच्या पुस्तकात का? कारण या लोकांच्या समजुतीप्रमाणे आख्ख्या समाजाने देवाशी करार केलेला आहे. करार एकट्यादुकट्याचा नाही, सगळ्यांचा मिळून आहे. एकाने मोडला तर शिक्षा सगळ्यांना. तालमूदमध्ये एक वाक्य आहे: सगळे इस्रायली एकमेकांना जामीन आहेत. तिथला मूळ शब्द कर्जाच्या व्यवहारातलाच आहे. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कर्जदाराच्या घरी काय चाललंय यावर जामीनदाराचं बारीक लक्ष असतंच. शेजाऱ्याचा बैल, शेजाऱ्याचं ताट, शेजाऱ्याचा शनिवार हे सगळं मग माझ्याही काळजीचं होतं. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथे आहे.

६. लोक हा कायदा खरंच पाळत होते, की तो नुसता पुस्तकात होता?

सुरुवातीला बराचसा पुस्तकातच असावा, असं मला वाटतं. दोन पुरावे सांगतो.

पहिला कागदांचा. नाईल नदीत, आजच्या अस्वानजवळ, एलेफंटाइन नावाचं बेट आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात तिथे इराणी सत्तेच्या पदरी असलेल्या यहुदी शिपायांची वसाहत होती. त्यांची पत्रं, खरेदीखतं, लग्नाचे करार कोरड्या हवेमुळे टिकले. या लोकांचं बेटावर स्वतःचं मंदिर होतं. तोरेप्रमाणे पाहिलं तर यज्ञ करायचे ते एकाच जागी. शपथेत, देणग्यांच्या यादीत दुसऱ्या दैवतांची नावंही येतात. बेखमीर भाकरीचा सण कधी पाळायचा हे इ.स.पू. ४१९ मध्ये त्यांना पत्राने कळवलेलं दिसतं. इ.स.पू. ४१० मध्ये मंदिर पाडलं गेलं, तेव्हा त्यांनी ते पुन्हा बांधू द्या म्हणून यहुदाच्या सुभेदाराला बिनधास्त अर्ज केला. आपण काही चूक करतोय असा सूरच नाही. मोशेचं नाव या कागदांत कुठेही येत नाही.

दुसरा पुरावा उकिरड्यावरचा. पंख आणि खवले नसलेला मासा खाऊ नये, अशी लेवीयमध्ये आज्ञा आहे. पुरातत्त्वज्ञ योनातान अॅडलर आणि माशांच्या हाडांचे अभ्यासक ओम्री लेर्नाऊ यांनी २०२१ मध्ये जुन्या वस्त्यांत सापडलेल्या माशांच्या काट्यांचा हिशेब मांडला. यहुदाच्या राज्यात आणि नंतर इराणी काळातही लोक बिनखवल्यांचे मासे, शिंगाळ्याच्या जातीचे वगैरे, खात होते. रोमन काळात ते काटे जवळजवळ दिसेनासे होतात. त्याच सुमारास पायऱ्यांची स्नानकुंडं शेकड्यांनी आढळतात, चुनखडीच्या दगडाची भांडी घरोघर दिसू लागतात (ती का, ते प्रश्न ७ मध्ये). सर्वसामान्य माणसाने तोरा पाळल्याचा ठोस पुरावा इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याआधी मिळत नाही, असं अॅडलर म्हणतो. सगळ्यांना हे मान्य नाही. मला काटे पटतात.

७. यांचं शुद्ध-अशुद्ध म्हणजे आपलं सोवळं-ओवळंच की!

वरवर पाहता हो. मातीचं भांडं विटाळलं की फोडायचं, दुसरी काही भांडी घासून-धुऊन चालतात, हे लेवीयमधलं वाचून पुष्कळांना आजी आठवते. दगडाचं भांडं विटाळतच नाही असं मानलं गेलं. म्हणून पहिल्या शतकात यरुशलेमच्या आसपास दगडी पेले-रांजण करणाऱ्यांची चलती झाली. बाळंतपणाचा विटाळ मुलगा झाला तर सात आणि तेहेतीस दिवस, मुलगी झाली तर दुप्पट. पाळीचा सात दिवस. सुतकाचं तर फारच जवळचं: प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्याच्यावर तांबड्या कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडायचं.

पण एक फरक आहे आणि तो लहान नाही. हा विटाळ येतो आणि जातो. जन्माने कायमची अशुद्ध अशी जात या व्यवस्थेत नाही. प्रमुख याजकालाही, म्हणजे मुख्य पुरोहितालाही, विटाळ होतो, पाणी आणि सूर्यास्त त्यालाही लागतातच. शिवाय मुळात हे नियम मंदिराशी बांधलेले होते. यात्रेला जायचं असेल, पवित्र अन्न खायचं असेल तेव्हा शुद्ध हवं. विटाळलेलं असणं हे पाप नव्हतं. घरात मयत झालं तर प्रेताला शिवणं कर्तव्यच होतं.

मग त्यातून उच्चनीचता आलीच नाही का? आली, पण दुसऱ्या दाराने. ते पुढच्या प्रश्नात.

८. ‘आम हाआरेत्झ’ म्हणजे कोण? त्यांना अस्पृश्य मानत का?

शब्दशः ‘भूमीचे लोक’. रब्बींच्या तोंडी अर्थ: गावंढळ, अडाणी, दशमांश आणि शुद्धतेचे नियम नीट न पाळणारा. याउलट ‘हावेर’, म्हणजे नियम पाळण्याचं व्रत घेतलेला सोबती. मिश्नेप्रमाणे हावेराने या भूमीच्या लोकांकडे जेवायला जायचं नाही, त्यांच्याकडून ओला माल घ्यायचा नाही, आणि तो आपल्या घरी आला तर त्याच्या अंगावरच्या कपड्यांनिशी त्याला पाहुणा म्हणून ठेवायचं नाही. ओला माल एवढ्यासाठी, की पाणी लागलेल्या धान्या-फळाला विटाळ चढतो, कोरड्याला नाही.

अस्पृश्यता मात्र म्हणता येणार नाही. दर्जा जन्माने ठरत नव्हता. व्रत घेतलं की कुणीही हावेर. यात्रेच्या दिवसांत यरुशलेममध्ये भूमीच्या लोकांचा शुद्धतेबाबतचा शब्द ग्राह्य धरत, कारण तेव्हा सगळे इस्रायली एक. वारीत जसं काही दिवस चालून जातं, तसं. सण संपला की पुन्हा होतं तेच.

मनातली अढी किती खोल होती हे तालमूदमधल्या एका आठवणीवरून कळतं. रब्बी अकिवा मोठेपणी शिकलेला, आधी स्वतःच आम हाआरेत्झ होता. तो म्हणतो, त्या दिवसांत मला वाटायचं, एखादा शास्त्री हाताला लागला तर गाढवासारखा चावेन. शिष्य विचारतात, कुत्र्यासारखा का नाही? तो म्हणतो, गाढव चावलं की हाड मोडतं.

९. माक्स वेबरने यहुद्यांना ‘परिया लोक’ म्हटलं. म्हणजे त्याने त्यांना दलितांच्या जागी बसवलं का?

वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने प्राचीन यहुदी धर्मावरचे निबंध १९१७ ते १९१९ दरम्यान छापले. १९२० मध्ये तो गेला आणि पुस्तक १९२१ मध्ये आलं. त्याआधी तो भारतातल्या जातींवर लिहून बसला होता, तिथूनच त्याने हा शब्द उचलला. मूळ शब्द तमिळ ‘पराइयर’ या समाजाच्या नावावरून आलेला, ‘परै’ म्हणजे ढोल. एका समाजाचं नाव घेऊन त्याची तांत्रिक संज्ञा बनवणं आज खटकतं, खटकायलाच हवं.

त्याचं म्हणणं असं: आजूबाजूच्यांशी रोटीबेटी नाही, विधींनी वेगळे पडलेले, स्वतःची राजसत्ता नाही, असे हे पाहुणे लोक. पण भारताशी असलेला फरकही त्यानेच सांगितला. भारतात सभोवताली जातिव्यवस्था होती, यहुद्यांच्या सभोवताली नव्हती. आणि हिंदू व्यवस्थेत खालच्या जातीला आशा पुढच्या जन्माची, जग आहे तसंच राहणार. यहुद्यांना मात्र याच जगाची उलथापालथ देव करणार, ही आशा. हा दुसरा मुद्दा मला अजूनही तोलाचा वाटतो.

‘परिया’ हे लेबल मात्र टिकत नाही. त्या काळातले यहुदी शेतकरी होते, शिपाई होते, कारागीर होते. कुणी त्यांना वेशीबाहेर ठेवलं नव्हतं. कुंपण घातलं ते बरंचसं त्यांनी स्वतः, आतून. उलट यरुशलेमच्या मंदिरात परक्यांनी कठड्याच्या आत येऊ नये, आल्यास ओढवणाऱ्या मरणाला तो स्वतः जबाबदार, असा ग्रीक भाषेतला दगडी इशारा होता. १८७१ मध्ये तो सापडला.

१०. राजा नाही, पोलीस नाहीत. मग कायदा मोडणाऱ्याचं काय करत?

फटके होते. अनुवादात कमाल चाळीस सांगितलेत, चुकून एखादा जास्त पडू नये म्हणून एकोणचाळीस मारत. येशूचा प्रचारक पौल लिहितो की आपण पाच वेळा असे एकोणचाळीस खाल्ले. ध्यानात घ्या, तो रोमन नागरिक होता असं म्हणतात; निघून गेला असता तर कोण अडवणार होतं? फटके खायला उभं राहणं हेच ‘मी अजून तुमच्यातला आहे’ असं सांगणं होतं.

खरं हत्यार वाळीत टाकण्याचं. (आपल्याकडे २०१६ मध्ये याविरुद्ध कायदा करावा लागला, तेव्हा नवलाची गोष्ट नाही.) रब्बींकडे ‘निद्दुई’ सहसा तीस दिवसांची; त्या माणसापासून चार हात अंतर ठेवायचं. एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका भट्टीच्या शुद्धतेवरून रब्बी एलिएझेरने सगळ्यांशी वाद घातला. झाड हललं, पाणी उलटं वाहिलं, आकाशवाणीही त्याच्या बाजूने झाली. रब्बी यहोशवा उठून म्हणाला, “ते स्वर्गात नाही.” म्हणजे तोरा आता खाली आहे, बहुमताने ठरेल. एलिएझेरला वाळीत टाकलं. हे सांगायला अकिवा गेला तो काळे कपडे घालून, आणि चार हात लांब बसला. “आज काय वेगळं आहे?” “गुरुजी, तुमचे सोबती तुमच्यापासून दूर होताहेत असं दिसतंय.” एलिएझेरने कपडे फाडले, वहाणा काढल्या आणि जमिनीवर बसला.

मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या मंडळाची नियमावली आणखी काटेकोर. १९४७ पासून तिथल्या गुहांत जुन्या ग्रंथांच्या गुंडाळ्या सापडत गेल्या. सभेत झोप लागली: तीस दिवस. सभेत थुंकला: तीस दिवस. मूर्खासारखा खदाखदा हसला: तीस दिवस. दुसऱ्याचं बोलणं तोडलं: दहा दिवस. मालमत्तेबद्दल खोटं बोलला तर एक वर्ष शुद्ध पंगतीबाहेर आणि अन्नात चौथाई कपात. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला हे लावलं तर कोरम राहणार नाही.

११. परुशी, सदूकी, एसेनी: यांची भांडणं तत्त्वाची होती की खुर्चीची?

हे तिन्ही त्या काळातले यहुदी पंथ. भांडणं बरीचशी धारेची. विनोद नाही. शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतलं, तर त्या धारेवरून विटाळ वर चढतो का? सदूकी म्हणत चढतो, परुशी म्हणत नाही. कुमरानमध्ये सापडलेल्या एका पत्रातही हाच मुद्दा आहे, आणि तिथलं मत सदूक्यांसारखं. पुनरुत्थान, देवदूत वगैरे वाद होतेच, पण गट फुटले ते रोजच्या व्यवहारावर. मनात काय मानता ते शेजाऱ्याला दिसत नाही. पाणी कसं ओतता ते दिसतं. शिवाय कुणाच्या हातचं चालतं, हे त्यावरच ठरतं.

हे गट संख्येने लहान होते. इतिहासकार जोसेफस परुशी सहा हजारांहून अधिक आणि एसेनी चार हजारांहून अधिक सांगतो. बाकीची जनता कुठल्याच गटात नव्हती.

१२. तारखांवरून एवढा वाद का? सण एक दिवस मागेपुढे झाला तर काय बिघडतं?

कोकणात टिळक पंचांगवाल्यांचे गणपती अधिक महिन्याच्या घोळात वेगळ्या महिन्यात बसलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांनी हा प्रश्न विचारू नये. सण एकत्र नसेल तर समाज एकत्र राहत नाही.

मिश्नेत एक गोष्ट आहे. नवा चंद्र पाहिल्याची साक्ष यावने गावच्या रब्बींचा प्रमुख गामलिएल याने मान्य केली, यहोशवाला ती पटली नाही. दोघांच्या हिशेबाने प्रायश्चित्ताचा दिवस वेगळा येणार. गामलिएलने निरोप धाडला: तुझ्या हिशेबाने जो प्रायश्चित्ताचा दिवस, त्या दिवशी हातात काठी आणि कनवटीला पैसे घेऊन माझ्याकडे ये. काठी नि पैसे दोन्ही त्या दिवशी निषिद्ध. यहोशवा गेला. गामलिएल उठला, त्याच्या मस्तकाचं चुंबन घेऊन म्हणाला, ये, माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या. विद्येत गुरू, आणि माझा शब्द मानलास म्हणून शिष्य.

कुमरानवाले असे नमले नाहीत. त्यांचं वर्ष ३६४ दिवसांचं, बरोबर ५२ आठवडे. दर वर्षी सण त्याच वारी. त्यांच्या एका भाष्यात तक्रार आहे की ‘दुष्ट याजक’ त्यांच्या गुरूवर नेमका प्रायश्चित्ताच्या दिवशी चालून आला. त्या याजकाच्या पंचांगात तो साधा दिवस असणार, नाहीतर तो घराबाहेरच पडला नसता.

१३. शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) नेमकं काय करायचं नाही? आणि त्यातून पळवाटा काढत का?

मिश्नेत ‘चाळीस उणे एक’ कामं आहेत: नांगरणं, पेरणं, मळणं, विणणं, दोन अक्षरं लिहिणं, आग पेटवणं, विझवणं, आणि शेवटचं, एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत वस्तू नेणं. या शेवटच्याने खरी अडचण केली. एका अंगणाभोवती चार-पाच बिऱ्हाडं असली तर भांडं घरातून अंगणात न्यायचं की नाही?

तोडगा ‘एरूव’. सगळ्या बिऱ्हाडांनी थोडी थोडी भाकरी एका घरात ठेवायची. मग सगळं अंगण एक घर. तुम्ही याला पळवाट म्हणा. मला ही शेजारधर्माची दर आठवड्याची हजेरी वाटते. वाड्यात राहिलेल्यांना एक कल्पना येईल: एक जरी बिऱ्हाड अडून बसलं की सगळ्यांची पंचाईत. परक्याचं घर असेल तर त्याच्याकडून हक्क भाड्याने घ्यावा लागे. आणि एरूव न मानणारा सदूकी असेल तर? रब्बान गामलिएल सांगतो: यरुशलेमला आमच्या बोळात एक सदूकी राहायचा. बाबा आम्हाला म्हणायचे, पळा, भांडीकुंडी पटापट बोळात काढा, तो त्याची काढेल आणि आपल्याला बंदी होईल त्याआधी.

देवळातल्या वादांची कितीही वर्णनं वाचली तरी पंथभेद म्हणजे काय हे मला या बोळातल्या धावपळीइतकं कुठे दिसलं नाही.

१४. शब्बाथला शत्रू चालून आला तर?

इ.स.पू. १६७ च्या सुमाराला सेल्युकी (सीरियातल्या ग्रीक) राजाच्या सैन्याने हाच डाव साधला. शब्बाथ मोडायचा नाही म्हणून हजारेक माणसं, बायका-मुलांसकट, प्रतिकार न करता मेली. मत्ताथिया या बंडाच्या पुढाऱ्याने मग ठरवलं: असंच चाललं तर पृथ्वीवर आपण उरणारच नाही, हल्ला झाला तर लढायचं. पुढे रब्बींनी नियमच केला की जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा.

१५. गरिबांसाठी यात काय होतं? की सगळं ताटापाण्याचंच?

पुष्कळ होतं, आणि बारीक विचार करून. शेताचा कोपरा कापायचा नाही, तो गरिबांचा. किमान साठावा हिस्सा. मालकाने तो वाटायचा नाही, गरिबांनी स्वतः येऊन घ्यायचा. वाटला की उपकार झाला, आणि वशिल्याच्या माणसाला जास्त मिळण्याची शक्यता. नव्याण्णव जण ‘वाटा’ म्हणाले आणि एक म्हणाला ‘ज्याचं त्याने घ्यावं’, तर त्या एकाचं ऐकायचं. मात्र खजुराच्या झाडाचं उलट, तिथे वाटूनच द्यायचं. चढताना कुणी पडायला नको. आणि कोपऱ्यात विळे घेऊन उतरायचं नाही, घाईत एकमेकांना लागतील. हे लिहिणाऱ्याने भुकेली गर्दी पाहिलेली होती.

गावात दोन सोयी: रोजच्या शिजलेल्या अन्नाची आणि आठवड्याच्या पैशाच्या पेटीची. दोन वेळचं घरात असेल त्याने पहिलीतून घेऊ नये, चौदा वेळचं असेल त्याने दुसरीतून. पेटीचे पैसे दोघांनी गोळा करायचे, तिघांनी वाटायचे.

सातव्या वर्षी कर्ज माफ करण्याची आज्ञा मात्र गरिबांच्याच अंगावर आली. ते वर्ष जवळ आलं की कुणी कर्ज देईना. हिल्लेल या धर्मशास्त्र्याने ‘प्रोझबूल’ काढला: येणं कोर्टाच्या नावे करायचं, मग ते बुडत नाही. गुहेत सापडलेल्या, रोमन सम्राट नीरोच्या कारकिर्दीतल्या एका कर्जरोख्यात कर्जदार लिहून देतो की माफीचं वर्ष असलं तरी फेडीन. आज्ञा पुस्तकात राहिली, गावाची उधारीही चालू राहिली.

१६. “डोळ्याबद्दल डोळा” म्हणजे खरंच डोळा काढत?

रब्बींच्या काळात नाही, भरपाई घेत. पाच बाबी: नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि अब्रू. अब्रूचा तर दरच होता: थोबाडीत मारली तर दोनशे झूझ (चांदीची नाणी), उलट्या हाताने मारली तर चारशे, लागतं कमी पण अपमान जास्त.

एका माणसाने भर रस्त्यात एका बाईच्या डोक्यावरचा पदर ओढला. अकिवाने चारशे झूझ ठोठावले. त्याने मुदत मागितली आणि पाळत ठेवून, ती दारात उभी असताना तिच्यासमोर दमडीचं तेल असलेला घडा फोडला. तिने डोकं उघडं केलं, सांडलेलं तेल तळव्याने टिपून केसांना लावू लागली. साक्षीदार तयारच होते. तो अकिवाकडे येऊन म्हणाला, हिला मी चारशे द्यायचे? अकिवा म्हणाला, तुझं म्हणणं पोकळ आहे. माणसाने स्वतःला इजा केली तर दंड नाही. दुसऱ्याने केली तर आहे.

१७. यहुदी माणूस, किंवा बाई, आपला कायदा सोडून रोमन कोर्टात गेली तर?

रब्बींना ते आवडत नसे. पण प्रत्यक्षात काय होत होतं ते बाबाथाच्या पिशवीत आहे. मृत समुद्राजवळच्या गुहेत १९६०-६१ च्या मोहिमेत पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीनला या बाईची पस्तीस कागदपत्रं असलेली पिशवी सापडली, इ.स. ९४ ते १३२ मधली. ती खजुराच्या बागांची मालकीण, दोनदा विधवा, निरक्षर. सही दुसऱ्याने केलेली आहे. पहिल्या नवऱ्यापासूनच्या पोरक्या मुलाचे पालक महिन्याला फक्त दोन दिनार देतात म्हणून ती थेट रोमन सुभेदाराच्या दरबारी गेली: रक्कम माझ्या हाती द्या, मी माझी मालमत्ता तारण ठेवते, शेकडा महिना दीड दिनार मुलाला देईन. दुसऱ्या नवऱ्याची आणखी एक बायको होती, तिच्याशीही मालमत्तेवरून तक्रारी. त्या नवऱ्याने एका रोमन अधिकाऱ्याकडून व्याजाने कर्ज काढलेलं.

आणि याच पिशवीत तिच्या लग्नाचा अरामी करार आहे, ‘मोशे आणि यहुदी यांच्या कायद्याप्रमाणे’. लग्न तिकडे, दावा इकडे. तिला त्यात विसंगती वाटली असेल असं कागदांवरून तरी दिसत नाही.

१८. यहुदी कोण: जन्माने की आचरणाने?

दोन्हीने, आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. जुन्या पुस्तकांत वंश बापाकडून. बंदिवासानंतर एज्रा या शास्त्र्याने परक्या बायका सोडायला लावल्या. मिश्नेच्या काळापर्यंत आईवरून ठरू लागलं. बाहेरचा माणूसही आत येऊ शके. मात्र त्याला आधी विचारायचे, कशाला येतोस, हे लोक सध्या किती छळले जाताहेत ते दिसत नाही का?

आत आल्यावर पायऱ्या होत्याच. मिश्नेत बाबेलहून आलेल्या दहा कुळींची यादी आहे, याजकांपासून रस्त्यावर सापडलेल्या पोरापर्यंत, आणि कुणाची सोयरीक कुणाशी तेही. सगळ्यात अवघड जागा ‘मामझेर’ची. अनौरस असा त्याचा अर्थ लावतात, तो चूक. लग्नाच्या बाईला परपुरुषापासून झालेलं किंवा निषिद्ध नात्यातून झालेलं मूल म्हणजे मामझेर. त्याच्याशी आणि त्याच्या वंशजांशी साध्या इस्रायलींनी लग्न करायचं नाही. तरीही हीच मिश्ना म्हणते: विद्वान मामझेर अडाणी प्रमुख याजकाच्या आधी.

१९. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचा या सगळ्याशी काय संबंध?

त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुस्तकं बुडाली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते तेलाचे घाणे चालवत राहिले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. आडनावं गावावरून: दिवेकर, पेणकर, किहीमकर. डेव्हिड राहाबी नावाच्या यहुद्याने त्यांची परीक्षा घेतल्याची गोष्ट सांगतात. त्याने बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली. त्यांनी पंख-खवल्यांची वेगळी काढली आणि बाकीची बाजूला सारली. बांगडा चालेल, कोळंबी-चिंबोरी नाही. रब्बी नाही, तालमूद नाही, पण ताट आणि शनिवार टिकले.

नेमकं हेच नंतर अडचणीचं झालं. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नांबद्दल तिथल्या मुख्य रब्बीनेटने (रब्बींच्या अधिकृत धर्मसंस्थेने) १९६२ मध्ये सूचना काढली: दुसऱ्या समाजातल्या यहुद्याशी लग्न करायचं तर वंशाची चौकशी करावी. शंका अशी की कोकणात रब्बीच नव्हते, तर घटस्फोट आणि दिराच्या विधीचे (निपुत्रिक विधवेने दिराशी लग्न करायचं किंवा त्याच्याकडून रीतसर मोकळीक घ्यायची) नियम रीतसर पाळले गेले असतील का? नसतील, आणि तशा बाईने पुन्हा लग्न केलं असेल, तर पुढची संतती मामझेर (प्रश्न १८). ज्यांनी शेकडो वर्षं घाणा शनिवारी बंद ठेवला, त्यांना आजीच्या आजीच्या काडीमोडाचा कागद मागितला गेला. मराठी बोलणाऱ्या या मंडळींनी यरुशलेममध्ये धरणं धरलं, निदर्शनं केली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं सांगितलं आणि रब्बीनेटने सूचनेतून त्यांचं नाव काढलं.